वाढत्या मुलांचा थायरॉईड : आईवडिलांनी काय पाहावे, काय विचारावे

(सिनेगॉगच्या सभागृहात भगिनीमंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. श्रोत्यांचे काही प्रश्न व त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो आपल्यातल्याच काही मातांनी माझ्यापुढे आणून ठेवला आहे. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणी मुलांच्या रक्ततपासणीचे कागद घेऊन माझ्या घरी आल्या. प्रत्येकीचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच होता : "मावशी, या आकड्यापुढे खूण आली आहे. माझ्या मुलाला थायरॉईड झाला का?"

प्रथम हे स्पष्ट करते की मी परिचारिका आहे, डॉक्टर नव्हे. मुंबईत नर्सिंगची पदविका घेतली, काही वर्षे तेथे नोकरी केली आणि इस्राएलला आल्यावर निवृत्तीपर्यंत येथील वॉर्डांत व दवाखान्यांत काम केले. निदान करणे आणि औषध देणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु घरात काय पाहावे, कोणती माहिती बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना काय विचारावे, हे आईवडिलांचे काम असून त्याविषयी मी अधिकाराने बोलू शकते. मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे : एका कागदावरच्या एका आकड्याने मूल आजारी ठरत नाही, आणि "वयच तसे आहे" एवढ्या वाक्याने ते निरोगीही ठरत नाही.

ही ग्रंथी करते काय?

"थायरॉईड झाला" असे आपण म्हणतो, पण थायरॉईड हे रोगाचे नाव नाही. ती प्रत्येकाच्या गळ्यात असते. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या पुढच्या बाजूस, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही लहानशी ग्रंथी आहे. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. आपल्या अन्नातले आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचा संप्रेरक तयार करते. शरीराची चूल किती मोठ्या आचेवर चालावी, हे या संप्रेरकावर अवलंबून असते. हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, हाडांची वाढ आणि मेंदूची तरतरी या सर्वांवर त्याचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी आहे, ती पियूषिका. गळ्यातली ग्रंथी काम कमी करू लागली की पियूषिका तिला हाक मारते. या हाकेचे नाव टीएसएच. काम जितके कमी, तितकी हाक मोठी. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ ग्रंथी जोरात चालली असा नसून बहुधा ती मंदावली असा असतो. उलट ग्रंथी भरमसाट काम करू लागली की हाक मारण्याची गरजच उरत नाही आणि टीएसएच अगदी खाली जातो. हा उलटा हिशेब ध्यानात ठेवला तर अर्धा घोटाळा मिटतो.

वय बोलते आहे की ग्रंथी?

ग्रंथी मंदावलेल्या मुलाला थकवा येतो, थंडी अधिक वाजते, बद्धकोष्ठ होते, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, चेहरा किंचित सुजल्यासारखा दिसतो. वजन वाढते, पण फार नव्हे. मुलींची पाळी अनियमित होते किंवा अतिस्राव होतो. अभ्यासात लक्ष लागत नाही. ग्रंथी अति चालली तर भूक भरपूर असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात कापतात, उकडते, झोप लागत नाही, मूल क्षणात रडते आणि क्षणात चिडते. शाळेतून वर्तणुकीची तक्रार येते. कधी डोळे पुढे आल्यासारखे दिसतात.

आता मला सांगा, यांतली निम्मी लक्षणे कोणत्या चौदा वर्षांच्या मुलात दिसत नाहीत? उशिरा उठणे, आळस, चिडचीड, वह्यांकडे पाठ फिरवणे, हे सगळे या वयात असतेच. त्यामुळेच खरा आजार या वयाच्या पदराआड लपून राहतो. अशा वेळी वयाच्या माथी मारता येत नाही असे एक लक्षण पाहावे लागते. ते म्हणजे उंचीची वाढ. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वाढते. वयात येताना ही वाढ त्याहून पुष्कळ वेगाने होते. ज्या काळात मुलाने झपाट्याने वाढायला हवे, त्याच काळात उंची थांबली असेल, तर त्याला आळस हे कारण कधीच पुरेसे नाही.

एका आईच्या परवानगीने, नावगाव न सांगता, एक हकीकत सांगते. तिचा मुलगा चौदा वर्षांचा. शाळेतून आला की झोपायचा, फुटबॉल सोडला होता, गुण घसरले होते. वडील त्याला आळशी म्हणत, आजोबा मोबाईलला दोष देत. आईला स्वतःलाही तसेच वाटत होते. मी तिला विचारले, "बार मिट्झ्वाला शिवलेली पँट त्याला आता होते का?" ती म्हणाली, "कमरेत घट्ट होते मावशी, पण लांबीला अगदी बरोबर आहे." बार मिट्झ्वा होऊन चौदा महिने लोटले होते. त्या वयाच्या मुलाची पँट चौदा महिन्यांत घोट्याच्या वर जायला हवी. मी तिला त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. त्याचा टीएसएच शंभराच्या वर निघाला आणि थायरॉक्सिन फार कमी. औषध सुरू झाले, काही महिन्यांत उंची पुन्हा वाढू लागली. त्या आईने नंतर मला जे सांगितले ते मी विसरणार नाही : "औषधाने त्याला बळ आले हे खरे, पण घरात कोणी आळशी म्हणेनासे झाले, त्याने तो अधिक सुधारला." ज्या मुलाच्या अंगातच शक्ती नाही त्याला आपण वर्षभर टोमणे मारतो, ही जखम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

आकडा कसा वाचावा?

याच्या उलट दुसरी हकीकत. तेरा वर्षांची मुलगी, वजन बरेच जास्त, टीएसएच सहाच्या थोडा वर. आत्या म्हणाली, "थायरॉईडमुळेच जाडी वाढली, गोळी सुरू करा." आईने रात्र जागून काढली. डॉक्टरांनी मात्र गोळी दिली नाही, म्हणून आई माझ्याकडे रागावून आली.

डॉक्टरांचे योग्यच होते. टीएसएच किंचित वाढलेला, म्हणजे प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या वर पण दहाच्या आत असेल, आणि फ्री टी-फोर म्हणजे प्रत्यक्ष संप्रेरकाचे प्रमाण ठीक असेल, तर पुष्कळ मुलांत तो पुढच्या तपासणीत आपोआप खाली आलेला दिसतो. शिवाय स्थूल मुलांत टीएसएच थोडा वाढतो, तो अनेकदा वजनाचा परिणाम असतो, वजनाचे कारण नव्हे. वजन उतरले की तोही उतरतो. अशा मुलांना गोळी देऊन वजन कमी होत नाही. या मुलीची उंची वयाप्रमाणे वाढत होती, गळा सुजलेला नव्हता आणि प्रतिपिंडेही नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तेव्हा आकडा मर्यादेत आला होता.

म्हणून एका आकड्यावर थांबू नका. टीएसएचबरोबर फ्री टी-फोर पाहिला का, हे विचारा. आकडा वाढलेला असल्यास काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी होईल का, हे विचारा. टीपीओ प्रतिपिंडे पाहावीत का, हे विचारा. आणि मर्यादा मुलाच्या वयाच्या आहेत की प्रौढांच्या, हेही विचारा, कारण मुलांच्या मर्यादा थोड्या निराळ्या असतात. आणखी एक सूचना : केस व नखांसाठी आजकाल मुली बायोटिनच्या गोळ्या घेतात. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांत हे आकडे चुकीचे येतात, इतके की निरोगी मुलगी कागदावर आजारी दिसते. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस ती गोळी थांबवावी लागते. ती घेत असल्याचे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

कारण काय, आणि लपवायचे का?

जेथे आयोडीन पुरेसे मिळते तेथे या वयात ग्रंथी मंदावण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे हाशिमोटोचा विकार. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. टीपीओ प्रतिपिंडे ही त्या हल्ल्याची खूण. हा विकार मुलांपेक्षा मुलींत कितीतरी अधिक आढळतो, आणि घराण्यात चालत येतो. पहिल्या प्रकारचा मधुमेह किंवा सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांत, तसेच डाऊन व टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलांत याची शक्यता जास्त असल्याने त्यांची तपासणी ठरावीक काळाने होत राहते.

घराण्यात चालत येतो म्हटले की आपल्याकडे लगेच कुजबूज सुरू होते. डॉक्टर विचारतात, "घरात कोणाला थायरॉईडचा त्रास आहे का?" आणि आई म्हणते, "नाही, कोणालाच नाही." मग बाहेर आल्यावर मला सांगते की आजीच्या गळ्याला गाठ होती आणि मोठी मावशी रोज गोळी घेते! मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून गोळीची डबी कपाटात कपड्यांखाली ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. भगिनींनो, लपवलेली गोळी ही चुकलेली गोळी असते. पाहुणे आले की ती घेतली जात नाही, सहलीला गेले की ती बरोबर नेली जात नाही. आणि पुढे हीच मुलगी गर्भवती राहिली तर पहिल्या आठवड्यांपासून बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या वेळी बहुधा गोळीचे प्रमाण वाढवावे लागते. नवऱ्याला आणि डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते कोण करणार? वेळेवर गोळी घेणारी स्त्री शिकते, नोकरी करते, मुले वाढवते. यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही.

मिठाचा प्रश्न

भारतातून आलेल्या आपल्या घरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून केलेल्या प्रयोगातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे सिद्ध झाले, आणि १९६२ साली भारत सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यामुळे भारतात आपण जी मिठाची पिशवी आणत होतो तिच्यात आयोडीन बहुधा असतेच. येथे तसे नाही. इस्राएलमध्ये मिठात आयोडीन घालण्याची सक्ती नव्हती, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत ६२ टक्के शाळकरी मुलांचे आणि ८५ टक्के गर्भवती स्त्रियांचे आयोडीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने पुरेसे मानलेल्या पातळीखाली आढळले.

तेव्हा दुकानात पिशवी उचलताना तिच्यावर 'मेलाख मेयुदाद' असे लिहिले आहे का ते वाचा. समुद्राचे मीठ म्हणून विकले जाते त्यात आयोडीन आपोआप भरपूर असते, हा गैरसमज आहे. मांस कोशर करण्याचे जाड मीठही सहसा आयोडीनविरहित असते. मीठ जास्त खाऊ नका, जे खाता ते आयोडीनयुक्त खा. समुद्रातले मासे, दूध आणि अंडी यांतूनही आयोडीन मिळते. मात्र समुद्रशेवाळाच्या गोळ्या मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. आयोडीनचा अतिरेकही ग्रंथीला बिघडवतो.

डॉक्टरांकडे जाताना

कुपत होलीममध्ये तोर मिळायला आठवडे जातात आणि आत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे मिळतात. म्हणून घरीच एक वही करा. तिच्यात चार गोष्टी लिहा. पहिली, उंची व वजन, तारखेसह. लहानपणीची नोंद तिपत हलावच्या कार्डावर असते, ते शोधून काढा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा असतील तर त्याही मोजून लिहा. दुसरी, प्रत्येक तक्रार केव्हा सुरू झाली. तिसरी, मुलगी असल्यास पाळीच्या तारखा. चौथी, दोन्ही घराण्यांतले थायरॉईड, मधुमेह व सिलिअ‍ॅक यांचे आजार. जुने सर्व तपासणीचे कागद सोबत ठेवा.

आणखी एक कळकळीची विनंती. आपल्यातल्या ज्या मातांना हिब्रू नीट येत नाही, त्या मुलीलाच दुभाषी करतात. चौदा वर्षांची मुलगी स्वतःच्या पाळीविषयी, स्वतःच्या रडण्याविषयी डॉक्टरांना सांगून त्यांचे उत्तर आईला सांगणार, हे ओझे तिच्यावर घालू नका. संकोचाने ती अर्धे गाळते. नात्यातली किंवा शेजारची जाणती बाई बरोबर न्या, आणि डॉक्टरांकडून लेखी सारांश मागून घ्या. काही मिनिटे मुलीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

गोळी सुरू झाली तर

टीएसएच दहाच्या वर टिकून असेल किंवा फ्री टी-फोर कमी असेल तर डॉक्टर बहुधा लेव्होथायरॉक्सिन देतात. जे शरीरात कमी पडते तेच बाहेरून देणे, एवढाच त्याचा अर्थ. सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि न्याहारी अर्ध्या ते एका तासाने करावी. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉक्सिन अंगी लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून प्रमाण ठरवतात. मूल वाढते तसे प्रमाणही बदलते, म्हणून तपासण्या चुकवू नयेत. आणि आजीची गोळी नातीला कधीही देऊ नये. प्रत्येकाचे प्रमाण निराळे असते, आणि अति थायरॉक्सिनने हृदयाची धडधड वाढते व हाडे दुबळी होतात.

ग्रंथी अति चालत असेल तर औषध निराळे असते, बहुधा मेथिमाझोल. ते घेणाऱ्या मुलाला ताप आला किंवा घसा फार दुखू लागला तर वाट पाहू नका. औषधाचा पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, कारण क्वचित या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकाएकी कमी होतात.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : किप्पूरच्या उपासाला गोळीचे काय करावे?*

थायरॉक्सिनचा अंश शरीरात बरेच दिवस राहतो. निम्मा उतरायलाच सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे एका दिवसाच्या अंतराने सहसा अपाय होत नाही. तरीही सणाच्या आधीच डॉक्टरांना आणि रब्बींना विचारून ठेवा. दुसरी औषधे चालू असतील तर विचारल्यावाचून काहीच थांबवू नका. पेसाहच्या वेळी गोळीत हामेत्स आहे की काय या शंकेनेही काही जण आठवडाभर औषध सोडतात. तसे करू नका, रब्बींना विचारा.

*प्रश्न : माझ्या नातीचे सर्व आकडे ठीक आले, तरी ती निरुत्साही आहे. मग हे नुसते नखरे समजायचे का?*

नाही, बाई. थायरॉईड ठीक आहे याचा अर्थ एक दार बंद झाले, सगळी नव्हे. रक्त कमी आहे का, लोह, बी-१२ व जीवनसत्त्व ड कमी आहे का, सिलिअ‍ॅक आहे का, हे पाहावे लागते. ती रात्री किती वाजता झोपते ते पाहा. आणि मन उदास असेल, मैत्रिणी सोडल्या असतील, जेवण सोडले असेल, तर तोही आजार आहे आणि त्यालाही डॉक्टर आहेत. जगण्यात अर्थ नाही असे ती बोलली तर तोर मिळण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या.

*प्रश्न : जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासले होते, तेव्हा सर्व ठीक होते. मग आता पुन्हा कशाला?*

ती तपासणी जन्मजात दोष ओळखण्यासाठी असते आणि तिने असंख्य मुलांची बुद्धी वाचवली आहे. परंतु हाशिमोटोचा विकार पुढे जडतो. जन्मवेळेचा कागद त्याची हमी देत नाही.

*प्रश्न : हा विकार कधी बरा होतो का?*

काही मुलांत, विशेषतः सौम्य स्वरूपात, ग्रंथी सावरते. वाढ पूर्ण झाल्यावर डॉक्टर कधी औषध थांबवून पाहतात. अनेकांना मात्र ते जन्मभर घ्यावे लागते. आपल्यापैकी कितीजण चष्मा लावतात? तो जन्मभराचाच आहे, पण त्यासाठी आपण रडत बसत नाही.

आता घरी गेल्यावर एक काम करा. मुलांना दारापाशी उभे करा, पाठ टेकवून, पायांत काही न घालता, आणि उंचीची खूण करून शेजारी तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. सर्वांना आरोग्य लाभो. शालोम.